नकाशावरच्या दोन तारा

माझ्या वडिलांची नोकरी माझ्यामुळे गेली. हे मी घरात कधी बोलून दाखवलं नाही, पण आमच्या घरात न बोललेलंच सगळ्यांना आधी कळतं. नोकरी तशी मोठी नव्हती. अंबरनाथ पूर्वेला इंटरनेट पुरवणारी एक छोटी कंपनी आहे, तिथे ते लाइनमन होते. मीही त्याच कंपनीत, फक्त खुर्चीवर. ते खांबावर चढायचे आणि मी एसीत बसून राउटरांना शहाणपण शिकवायचे. "उंटावरून शेळ्या हाकते माझी पोरगी," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. त्यात चेष्टा कमी आणि कौतुक जास्त असायचं.

कंपनी शेठची. केबल टीव्हीच्या दिवसांत उल्हासनगरच्या कॅम्प म्हणतात त्या वस्त्यांतून शेठ आणि पप्पा दोघांनी मिळून गच्च्यांवरून काळी वायर ओढली होती. एक शिडी धरायचा, दुसरा चढायचा. पुढे शेठ मालक झाले आणि पप्पा शिडीवरच राहिले. त्या दोघांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटायचं. मी इंजिनियर झाले त्यात अभ्यासाइतकाच त्या रागाचाही हात होता.

आमच्या ऑफिसातून बदलापूरला इंटरनेट पोचवायला दोन फायबरच्या तारा होत्या. एक हमरस्त्याच्या कडेने, दुसरी जांभूळ गावाच्या बाजूने, पाण्याच्या मोठ्या पाइपांच्या सोबतीने. दोन्ही जाऊन मिळायच्या बदलापुरात कात्रपला, एका सोसायटीच्या जिन्याखालच्या खोलीत. खोली म्हणजे कपाटच, माणूस आत गेला की दार लावता यायचं नाही. पूर्वी एका वेळी एकच तार चालू असायची. ती तुटली की बदलापुरातून तक्रारींचे फोन सुरू व्हायचे, मग ऑफिसातून पप्पांना फोन जायचा. ते असतील तिथून स्कूटर काढून कात्रपला जायचे, चालू तारेची पिन काढायचे आणि दुसऱ्या तारेची खोचायचे. मग जाऊन तुटलेली जागा शोधायची. एकदा त्यांनी हे अकरा मिनिटांत केलं होतं. तो आकडा ते लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का लक्षात ठेवून होते.

रोज सकाळी सातला ते लाइनवर फेरी मारायचे, ती मात्र त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. एका तारेने जायचं, दुसरीने परत यायचं. स्कूटरच्या पुढ्यात आकडीची काठी आणि चिकटपट्टीची पिशवी. कुठे तार लोंबली असेल तर उचलून बांधायची, कुठे कुणी खड्डा खणत असेल तर थांबून विचारायचं, "किती दिवस काम चालणारे, दादा? मशीन येणार का?" आई म्हणायची, यांना देवाला नमस्कार करायला वेळ नाही पण खांबांना प्रदक्षिणा घालतील.

मग शेठनी नवे राउटर घेतले आणि ते बसवायचं काम माझ्याकडे आलं. आता दोन्ही तारा एकाच वेळी जोडलेल्या राहणार होत्या आणि एक गेली की राउटर आपला आपण दुसरीवर जाणार होता. प्रश्न एवढाच होता की तार गेली हे त्याला किती लवकर कळावं. दोन टोकांचे राउटर एकमेकांना सारखी हाक मारत असतात. तू आहेस का, आहे. मशीन जसं खोक्यातून येतं तसं ठेवलं तर ही हाक दहा सेकंदांनी एकदा जाते, आणि चाळीस सेकंद पलीकडून काही आलं नाही तर शेजारी मेला असं धरलं जातं. चाळीस सेकंदांत बोलणाऱ्याचा फोन तुटतो, पैसे पाठवणारा घामाघूम होतो. तार मध्येच तुटली तरी आमच्या पोर्टवरचा दिवा हिरवाच राहायचा, कारण वाटेत दोन ठिकाणी दुसरी यंत्रं होती. म्हणून या हाकेखेरीज कळायला दुसरा मार्ग नव्हता.

मी एक वेगळी, हलकी हाक सुरू केली, जिचं काम फक्त शेजारी जिवंत आहे का एवढंच बघायचं. सुरुवातीला हावरटपणा केला. सेकंदाच्या विसाव्या भागाला एक हाक ठेवली. पलीकडचं मशीन जरा कामात असलं, उत्तराला किंचित उशीर झाला, की इकडचा त्याला मेलेला ठरवायचा, वाट बदलायचा, पुन्हा जिवंत म्हणून परत यायचा. दिवसभर नुसती ये-जा. हात दाखवून अवलक्षण झालं. मग मी ते ढिलं केलं. सेकंदाला साधारण तीन हाका, आणि लागोपाठ तीन चुकल्या तरच मेला असं समजायचं. म्हणजे एका सेकंदाच्या आत निकाल. कधी मशीन चालू असतानाच त्याचा मेंदू तेवढा बंद पडून पुन्हा सुरू होतो, त्याचीही सोय केली. मशीनचा मेंदू जागा होत असताना त्याचे हात आधीच्या आठवणीवर काम करत राहतील आणि शेजारी तेवढा वेळ धीर धरेल, अशी.

चाचणीला मी पप्पांनाच कात्रपच्या खोलीत उभं केलं आणि ऑफिसातून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा मोबाइल तिथल्याच वायफायवर होता.

"पप्पा, हमरस्त्याची पिन काढा."

"काढू? नक्की?"

"काढा हो."

त्यांनी पिन काढून कॅमेऱ्यासमोर धरली. चित्र क्षणभर अडखळलं, इतकंच. पिन हातात धरून ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मग ते म्हणाले, "च्यायला, मस्त झालं की. चला, सुटलो एकदाचा." मी इतकी खूश होते की त्या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

दोन महिन्यांनी बदलापूरच्या एका लहान हॉस्पिटलने आमची लाइन घ्यायचं ठरवलं. त्यांच्याकडे स्कॅनचं मशीन होतं, पण स्कॅन वाचणारा डॉक्टर मुंबईत बसायचा. मेंदूचा झटका आलेला पेशंट आला की स्कॅन तिकडे जाणार, तिकडून डॉक्टर सांगणार आणि मग इकडे इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरणार. त्याला वेळेची मर्यादा असते, तासांची. त्यांनी शेठकडे लेखी मागितलं. लाइन किती पक्की आहे, दोन तारा खरंच वेगवेगळ्या वाटेने येतात का. ते पत्र मी लिहिलं. नकाशा जोडला, त्यावर एक लाल रेघ, एक निळी. खाली लिहिलं की बिघाड एका सेकंदात ओळखला जातो आणि त्यासाठी माणसाने काही करण्याची गरज राहत नाही. खाली माझी सही.

शेठनी ते पत्र वाचलं. दुसऱ्या आठवड्यात पप्पांना बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "आता साठी आली. खांबावरून पडलास तर वहिनींना मी काय तोंड दाखवू? तुझ्या पोरीने सगळं ऑटोमॅटिक केलंय. आराम कर." ते वाईट बुद्धीने बोलले असं मी म्हणणार नाही. जोडणीचं काम त्यांनी बाहेरच्या ठेकेदाराला दिलं. पप्पा घरी आले, आईला म्हणाले, "रिटायर झालो," आणि पिशवीतल्या चिकटपट्ट्या काढून कपाटावर ठेवल्या.

चार दिवस ते घरात बसले. पाचव्या दिवशी सकाळी सातला पिशवी पुन्हा स्कूटरवर होती.

मला त्याची लाज वाटायची. हे लिहायला जड जातं, पण तेच खरं आहे. ऑफिसातली मुलं कुठे ना कुठे त्यांना बघायची आणि मला येऊन सांगायची, काका आज जांभूळला दिसले, झाडाची फांदी ओढत होते. कुणी पगार देत नाही, कुणी विचारत नाही, आणि हा माणूस तारा उचलत फिरतो. एक दिवस चहा पिताना ते मला म्हणाले, "नाल्याच्या पुलाजवळ दोन्ही तारा एकाच खांब्यावर आहेत. रस्त्याचं काम चाललं होतं ना, तेव्हा मीच बांधल्यात, टेम्पररी. नंतर कुणी हलवल्याच नाहीत. आता तिथं गटाराचं काम निघतंय. मशीन येईल. हलवून घे."

"पप्पा, नकाशात तिथे दोन वेगवेगळ्या बाजूंना आहेत."

"नकाशात असतील. मी खांब्यावरचं सांगतोय."

मी म्हणाले, "बघते."

मी काही बघितलं नाही. मला वाटलं, कामावर परत घ्यावं म्हणून हे काहीतरी शोधून काढतायत. एवढंच नाही, वर म्हणालेसुद्धा, "आणि तुम्ही तिकडे जाणं बंद करा आता. लोक हसतात." त्यांनी कप ठेवला आणि पेपर उचलला. त्या विषयावर आमचं पुन्हा बोलणं झालं नाही.

तो दिवस गुरुवारचा होता. सकाळचे साडेदहा-पावणेअकरा झाले असतील. माझ्यासमोरच्या पडद्यावर बदलापूरच्या दोन्ही वाटा एकदम लाल झाल्या. राउटरने त्याचं काम चोख केलं. सेकंदाच्या आत त्याला कळलं की शेजारी मेला, सेकंदाच्या आत त्याने दुसरी वाट बघितली, आणि दुसरी वाट नव्हती.

आता इथे मी काय केलं ते नीट सांगायला हवं. दोन वेगवेगळ्या रस्त्यांवरच्या दोन तारा एकाच क्षणी तुटू शकत नाहीत. म्हणजे तारा तुटलेल्याच नाहीत. म्हणजे चूक माझ्या सेटिंगमध्ये आहे, पुन्हा तेच पूर्वीसारखं, जिवंत शेजाऱ्याला मेलेला ठरवणं. असा मी हिशेब केला आणि तो माझ्या नकाशाप्रमाणे अगदी बरोबर होता. मी ती हलकी हाक बंद केली. काही झालं नाही. अंबरनाथचा राउटर बंद करून चालू केला. तो पूर्ण उठायला वेळ घेतो, मी पडद्याकडे बघत बसले. मग जुन्या सेटिंगची प्रत काढून ओळ न् ओळ ताडून बघितली. फोन सगळे वाजत होते. शेठ एका कानाला हॉस्पिटल आणि दुसऱ्याला ठेकेदार लावून उभे होते, "मॅडम बघतायत, दोन मिनिटं, दोन मिनिटं," असं चाललं होतं.

हॉस्पिटलमध्ये त्याच वेळी शिरगावची एक बाई आणलेली होती. पन्नाशीची, पोळ्या लाटता लाटता कोसळलेली. स्कॅन काढून झाला होता. तो मुंबईला जात नव्हता. कुणीतरी मोबाइलवरून पाठवायला बघत होतं, पण फाइली मोठ्या, मध्येच तुटत होत्या. हे शेठनी मला ओरडून सांगितलं आणि मी त्याच ओळी पुन्हा पहिल्यापासून ताडायला लागले.

या गडबडीत माझ्या मोबाइलवर तीनदा पप्पांचा फोन आला. तिन्ही वेळा मी कट केला. त्यांचा एक आवाजी मेसेजही आला, तोही ऐकला नाही. आमचं घरही बदलापूरलाच, मला वाटलं, नेट गेलं म्हणून आईची मालिका अडली असेल. त्यांनी शेठनाही लावला होता, ते सारखे एंगेज. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी त्या दिवशी घातला. कळसा तर स्वतः ओरडून सांगत होता.

तासाभराने जिन्यात पावलं वाजली. पप्पा वर आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, दम लागलेला. त्यांच्या हातात तारेचे दोन तुकडे होते, कापून आणलेले, हातभर लांबीचे. त्यांनी ते माझ्या कीबोर्डवर ठेवले.

"पुलाजवळ. जेसीबीने खांबा पाडला. दोन्ही गेल्या."

मी दोन्ही तुकडे उलटून बघितले. दोन्हींवर आमच्या कंपनीची खूण होती.

"फोन उचलायचा ना गं," ते म्हणाले. रागाने नाही. मग शेठकडे वळले, "ठेकेदाराला पुलावर पाठव, फिरवू नको इकडेतिकडे. आणि मशीनवाल्याला तिथंच थांबायला सांगितलंय, तो अजून खणेल नाहीतर."

ठेकेदाराची माणसं तोपर्यंत जांभूळच्या बाजूला तार तपासत चालली होती, कारण खात्रीपुरतं म्हणून मीच त्यांना तिकडे पाठवलं होतं. ती परत फिरली, पोचली, जोडणीचं यंत्र लावलं. दुपारी पावणेदोनला पडदा हिरवा झाला. त्या बाईला त्याआधीच अँब्युलन्समधून पुढे नेलं होतं. ती जगली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. स्कॅन वेळेवर गेला असता तर काय झालं असतं, हे कुठल्याही डॉक्टरने आम्हाला सांगितलं नाही, आणि मी विचारायला गेले नाही. कुठलंही उत्तर मिळालं असतं तरी मला ते सोसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलने लेखी खुलासा मागितला. काय झालं, का झालं, जबाबदार कोण. शेठ माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. ते रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. म्हणाले, "बघ, आपण पत्रात दोन तारा लिहून दिल्यात. त्या एका खांबावर कशा आल्या हे सांगावं लागेल. सांगितलं नाही तर आपणच खोटे ठरतो. कंपनी बसेल. वीस जणांची घरं आहेत." मग आवाज खाली आणून, "त्याला आता काय फरक पडतो? तो तर कामावरच नाहीये."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

मी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, त्याने जरा सोपं गेलं. बिघाड शून्य दशांश नऊ सेकंदांत ओळखला गेला, यंत्रणेने ठरवल्याप्रमाणे काम केलं. बिघाडाचं कारण, पूर्वीच्या लाइनमनने रस्त्याच्या कामाच्या वेळी कंपनीला न कळवता दोन्ही तारा एकाच खांबावर बांधल्या. नाव लिहायची गरज नव्हती. आमच्याकडे पूर्वीचा लाइनमन एकच होता. खाली सही पुन्हा माझीच. पाठवून टाकलं.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आई भाकऱ्या करत होती आणि पप्पा पाटावर बसले होते. मी हातपाय धुऊन समोर बसले. त्यांनी विचारलं, "हॉस्पिटलला कागद दिला?"

"दिला."

"वाच की. मराठीत सांग."

मी मोबाइलवर तो उघडला आणि सांगायला लागले. किती वाजता गेलं, किती वाजता आलं, यंत्रणा कशी बरोबर चालली. मधली ओळ गाळून मी पुढच्या परिच्छेदावर गेले. आयुष्यभर तारेत तुटलेली जागा शोधलेल्या माणसाला ती सापडायला कितीसा वेळ लागणार?

"कारण काय लिहिलंस ते राहिलं," ते म्हणाले.

मी ती ओळ वाचली. आईचा हात परातीत थांबला.

"न कळवता?" ते म्हणाले. "मी शेठला तिथूनच फोन केला होता, खांब्यावर असतानाच. तो म्हणाला, बांधून टाक आत्ता, नंतर बघू."

"मला माहीत नव्हतं, पप्पा. ते मला बोलले नाहीत."

"तुला कसं माहीत असणार."

त्यांनी समोरचं ताट जरा बाजूला सरकवलं. मला वाटलं, आता चिडतील. चिडावं असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी ताट फेकलं असतं तरी चाललं असतं.

"आणि मी तुला सांगितलं होतं," ते म्हणाले, "खांबा हलव म्हणून. ते लिहिलंस का?"

मी नाही म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि आईला म्हणाले, "वाढ गं, तिला भूक लागली असेल." आईने वाढलं. आम्ही तिघं जेवलो. त्या दिवसानंतर पप्पा लाइन बघायला गेलेले नाहीत, आणि मीही त्यांना जा म्हणालेले नाही.